मेघदूत ॲप: कोरडवाहू वावराला किती कामाचे?

फवारणीचा दिवस ठरवायला मेघदूत उत्तम. पेरणीचा दिवस मात्र त्यावरून ठरवू नका.

हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आणि आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) यांनी 2019 मध्ये हे मोफत ॲप आणले. मोबाइल नंबर टाकून मराठी भाषा आणि जिल्हा निवडला की पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा दिसतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पीकनिहाय सल्ला येतो. तो शेवटपर्यंत वाचावा. कपाशीवरच्या किडीपासून सोयाबीनच्या वावरातले पाणी काढण्यापर्यंतची खरी कामाची माहिती त्यातच असते.

वाऱ्याची दिशा अंशांत दिली असेल तर 270 म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, पश्चिमेकडे जाणारा नव्हे. ही गल्लत झाली तर औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर येते.

कमजोरी एकच, पण मोठी: अंदाज एका गावाचा नसतो, मोठ्या टापूचा असतो. यवतमाळ जिल्ह्याचा आकडा पुसद आणि वणी दोन्हीकडे जुळेलच असे नाही. मृगात तर धुऱ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे फुफाटा. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज 'मेरी पंचायत' ॲपवर मिळू लागला, तोही सोबत पाहावा. तरी अंदाज तो अंदाजच. 75 ते 100 मिमी पाऊस प्रत्यक्ष पडून जमिनीत ओल मुरल्याशिवाय तिफण काढली तर दुबार पेरणीचा धोका आहे, आणि बियाण्याची दुसरी बॅग उधारीवरच येते.

म्हणून ॲपच्या जोडीला गावात पर्जन्यमापक हवाच. सरकारी नळकांडे नसेल तर तोंडापासून बुडापर्यंत सारख्या रुंदीची, सपाट बुडाची पारदर्शक बरणी चालते. आतल्या तळापासून शून्य धरून बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बूड उंचसखल असेल तर ते बुडेल इतके पाणी आधी भरून तिथे शून्य धरा. बरणी झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर ठेवा. छपराखालच्या बरणीचा आकडा फसवा असतो. रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान विभागाची नोंदही त्याच वेळची असते, त्यामुळे तुलना नीट होते.

आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चढवा, खाली त्या आठवड्याचा सल्ला दोन ओळींत लिहा. निंदणाला जाणाऱ्या कित्येक बायांकडे स्मार्टफोन नसतो, आणि पिकाशी रोजची गाठ तर त्यांचीच असते.