सील पॅक खोकं, आत अर्धा रणगाडा

"भाऊ, फॅक्टरी सील आहे. प्लास्टिक काढलं की किंमत पडते." या एका वाक्यावर नागपूरच्या सीताबर्डीत आमच्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या गटाने रणगाड्यांच्या प्लास्टिक मॉडेलची १/३५ मापाची (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याची) तीन जुनी किट घेतली: दोन टी-५५, एक टायगर. मिळून ११,४०० रुपये, यूपीआयने, उभ्या उभ्या. कुणीतरी दुकान बंद केलं, त्याचा हा साठा, असं सांगण्यात आलं. खोक्यांचे कोपरे शाबूत होते, फिल्म ताणलेली होती. उघडल्यावर कळलं की तिन्ही खोकी आधीच उघडली गेली होती. वेगळं विकता येईल ते काढून घेतलं होतं आणि वर नवी फिल्म चढवली होती.

टायगरचं उदाहरण घ्या. सुरुवातीच्या टायगरला रबरी कडांची चाकं असतात, एका बाजूला आठ अॅक्सलवर २४, दोन्हीकडची ४८. किटचे सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिला फ्रेम म्हणतात. या किटमध्ये चाकांच्या दोन अगदी सारख्या फ्रेम असायला हव्या होत्या. पार्ट्सच्या नकाशात त्या फ्रेमच्या अक्षरापुढे बारीक 'गुणिले २' छापलेलं होतं. खोक्यात फ्रेम एकच होती. दुसरीच्या जागी टी-३४ च्या कुठल्यातरी किटमधली उरलीसुरली फ्रेम कोंबली होती, म्हणजे वजन भरतं आणि हलवलं तर आवाजही बरोबर येतो. फ्रेमच्या कडेला अक्षर आणि किटचा कोड उठवलेला असतो, तो जुळेना म्हणून ती चोरी सापडली. नुसत्या फ्रेम मोजल्या असत्या तर आकडा बरोबर आला असता. म्हणून मोजू नका, एकेक अक्षर नि कोड नकाशाशी जुळवा.

पहिल्या टी-५५ मधून पॉलिकॅपची पिशवी गायब होती. पॉलिकॅप म्हणजे चाकाच्या दोन तबकड्यांमध्ये बसणारी मऊ बुशं. टी-५५ ला एका बाजूला पाच चाकं, प्रत्येक दुहेरी, म्हणजे एकूण २० तबकड्या. त्या सगळ्या होत्या, पण बुशांशिवाय चाक अॅक्सलवर लडबडतं. दुसऱ्या टी-५५ मध्ये सैनिकांच्या आकृत्या नव्हत्या, पारदर्शक भागांची छोटी फ्रेम नव्हती, आणि खालचा हल, म्हणजे रणगाड्याचं धड, तर टी-६२ चा निघाला. हे पट्टीशिवाय ओळखता येतं: टी-५५ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट असते, टी-६२ मध्ये पुढची चाकं जवळ आणि मागच्या चाकांमध्ये फटी. हलवरच्या अॅक्सलच्या जागा पाहिल्या की पुरे.

मापाचीही लबाडी चालते. जाहिरातीत फक्त खोक्याचा फोटो, आणि १/४८ चं किट १/३५ म्हणून खपवलं जातं. टायगरचा तोफेच्या नळीशिवायचा हल ६.३१६ मीटर. तो १/३५ मध्ये साधारण १८ सेंटीमीटर भरतो, १/४८ मध्ये १३.२, १/७२ मध्ये ८.८. हलशेजारी पट्टी ठेवून फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा.

आता त्या फिल्मविषयी, कारण सगळी फसवणूक तिच्यावर उभी आहे. ती रोलमध्ये विकत मिळते आणि हॉट एअर गनने दोन मिनिटांत आवळते. मिठाई आणि भेटवस्तूंची दुकानं रोज हेच करतात. काही कंपन्या तर खोक्यावर फिल्म घालतच नाहीत. त्यामुळे फिल्म म्हणजे सील नव्हे. खोक्याचा रंग उन्हाने उडालेला आणि फिल्म मात्र लख्ख, फिल्मच्या आत धूळ किंवा जुन्या चिकटपट्टीचा डाग, जोड वाकडातिकडा: यांतलं एकही दिसलं तरी शंका घ्या. खरी साक्ष आतल्या पिशव्यांची. फ्रेमच्या पिशव्यांची तोंडं कारखान्यात बंद केलेली असतात. कापून पुन्हा टेप लावलेली पिशवी लगेच ओळखू येते. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर, वजनमापाच्या २०११ च्या नियमांनुसार, आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असावी लागते. 'दुकानाचा साठा' म्हणणाऱ्याच्या तीनपैकी एकाही खोक्यावर तसं लेबल नव्हतं. हे तिथेच विचारायला हवं होतं.

नागपुरात आणखी एक गोष्ट तपासावीच लागते, ती म्हणजे माल कुठे पडून होता. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छताखाली तर त्याहून जास्त. अशा ठिकाणी बरीच वर्षं राहिलेल्या किटचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं नि आकडे, पिवळे पडतात आणि तडकतात. नको असलेला एखादा आकडा कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवा. तुकडे झाले तर संपूर्ण शीटवर आधी क्लिअर लॅकरचा थर द्यावा लागेल आणि मग प्रत्येक डिकल वेगळं कापावं लागेल. नुसता पिवळेपणा असेल तर शीट खिडकीच्या काचेवर उन्हात काही दिवस चिकटवून ठेवली की उतरतो. व्हिनाइल ट्रॅकचं, म्हणजे चाकांभोवतीच्या मऊ पट्ट्यांचं, दुखणं वाईट. ते मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, आणि ट्रॅक चाकांना टेकून राहिले असतील तर तिथलं पॉलिस्टायरीन वितळून खड्डे पडतात. आमच्या टी-५५ च्या चार चाकांवर ट्रॅकचा ठसा उमटला होता. ही भरपाई पुट्टीने होते, पण रबरी कड पुन्हा गोल करणं फार किचकट.

खरेदीसोबत पातळ सिमेंटची, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या द्रवाची, बाटली 'फुकट' मिळाली होती, झाकण सीलबंद नसलेली. टामिया कंपनीच्या प्रसिद्ध हिरव्या झाकणाच्या सिमेंटमध्ये अॅसिटोन आणि ब्युटिल अॅसिटेट असतं. दुसरं द्रव्य उडण्याचा वेग कमी करतं, म्हणून प्लास्टिक वितळून जोडायला वेळ मिळतो. बाटलीत नुसतं अॅसिटोन भरलं असेल तर ते क्षणात उडतं आणि जोड बोटाने दाबला की सुटतो. टाकाऊ फ्रेमचे दोन तुकडे जोडून एक दिवस ठेवा, मग वाकवून बघा.

पैसे देण्याआधी खोकं समोर उघडायचं, फिल्म फाडण्यापासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्यायचा. कुरियरने येणाऱ्या मालालाही हेच लागू आहे. विक्रेता दुकानदार असेल आणि माल अपुरा निघाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पैसे ऑनलाइन घेऊन माल पाठवलाच नाही तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमच्या विक्रेत्याकडून ना बिल घेतलं होतं ना पत्ता, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद आहे.

पॉलिकॅप नसलेलं टी-५५ वाचवता येतं. अॅक्सलभोवती स्टायरीनची नळी बसवून चाकातलं भोक भरायचं, हल सपाट काचेवर ठेवायचा, दहाही चाकं काचेला टेकली आहेत हे पाहायचं आणि मगच सिमेंट सोडायचं. टायगरवर मात्र खर्च करू नका. २४ चाकांचा बाहेरून आणलेला संच इतका महाग पडतो की त्यात थोडी भर घालून नवं किट येतं. त्याचा टरेट (तोफेचा फिरता बुरूज), हॅचेस (वरची झाकणं) आणि टो केबल (ओढायची तार) सुट्या भागांच्या डब्यात ठेवलेली बरी.