बाग आखून घेतली, त्याला नऊ महिने झाले: पैसे वसूल झाले का?

गेल्या रविवारी मागच्या अंगणातले पांढरे गोटे उपसून गोण्यांत भरले. पंचवीस किलोच्या दहा गोण्या, साडेचार हजारांचा माल. ते निघेपर्यंत बागेसाठी डिझायनर लावावा का, या विषयावर मला शांत डोक्याने लिहिताच आलं नसतं, म्हणून आज लिहिते आहे.

घर बडोद्यात मांजलपूरला. मागे बत्तीस बाय वीस फुटांचं अंगण, जमीन काळी, पश्चिमेच्या कुंपणाला जुना कडुनिंब. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी आमच्या दारापर्यंत आली नाही, पण पावसाचं पाणी मागे तीन दिवस साचून राहिलं आणि सासूबाईंच्या हातचा पारिजातक दिवाळीपर्यंत वाळून गेला. त्याला मुळाशी पाणी साचलेलं सोसत नाही. हे मला ठाऊक होतं. पाणी बाहेर काढायचं कसं, ते ठाऊक नव्हतं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, माळी आहे ना, डिझायनर कशाला? लेक म्हणाली, "बाबा, महाराजांकडे माळ्यांना काय तोटा होता? तरी लक्ष्मी विलास राजवाड्याच्या बागा आखायला लंडनच्या क्यू उद्यानातल्या गोल्डरिंगला बोलावलंच ना?" आमचं अंगण ते केवढं, पण लावणारा वेगळा आणि आखणारा वेगळा, एवढं त्यातून मला पटलं.

आधी फुकटचे सल्ले घेतले. एका नर्सरीवाल्याने 'डिझाइन फ्री' म्हणून कागद दिला, त्यावर एकशे चाळीस रोपांची यादी. दुसऱ्या एका ठेकेदाराने कुंपणाला कोनोकार्पसची हिरवी भिंत करून देतो म्हटलं. गुजरातच्या वनविभागाने सप्टेंबर २०२३ मध्येच ज्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेच झाड! पाणी कुठे साचतं, हे दोघांनीही विचारलं नाही.

डिझायनरबाईंनी तीन भेटी आणि आराखडा मिळून बावीस हजार सांगितले. नुसत्या कागदाचे बावीस हजार. खोदाई, माती, रोपं, नळ्या सगळं वेगळं. मी बँकेत नोकरी केली, हिशेबाची वही आजही रोज लिहिते. तो आकडा लिहिताना हात जड झाला होता.

पण पहिल्या भेटीत त्यांनी झाडाचं नावसुद्धा काढलं नाही. अंगणाच्या मधोमध एक फूट खोल खड्डा खणवला, काठोकाठ पाणी भरलं, ते जिरल्यावर पुन्हा भरलं आणि म्हणाल्या, "काकू, उद्या सकाळी याचा फोटो पाठवा." सकाळी अर्धा खड्डा तसाच भरलेला. मी शोषखड्ड्याचा आग्रह धरला होता, तो त्यांनी तिथेच खोडून काढला. या काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे जमिनीखालचं डबकं होईल, पाणी उतारानेच बाहेर न्यावं लागेल, असं त्यांनी समजावलं. मग एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार अशा तीनदा येऊन त्यांनी सावलीच्या कडेने चुन्याच्या रेघा मारल्या. ह्यांना सगळीकडे लॉन हवं होतं. हरळीला सहा तास तरी ऊन लागतं आणि आमच्याकडे एवढं ऊन एकाच पट्ट्यात होतं. लॉन तेवढ्याच पट्ट्यात केलं.

जानेवारीत काम सुरू झालं, फेब्रुवारीत संपलं. लेव्हल पाइप धरून बत्तीस फुटांत चार इंच उतार काढला आणि त्याच्या पायथ्याशी फूटभर रुंद, उथळ चर, थेट गल्लीच्या गटारापर्यंत. माळीदादा खूश. म्हणाले, "बेन, ढाळ वगर बधुं नकामुं." म्हणजे उताराशिवाय सगळं फुकट.

आता गोटे. कुंपणालगत, कडुनिंबाच्या बरोबर खाली, वीस फूट लांब आणि दीड फूट रुंद पट्टा पांढऱ्याशुभ्र गोट्यांचा. आराखड्यात सुरेख दिसायचा. काम संपलं त्याच सुमाराला पानगळ सुरू झाली. कडुनिंबाची पानं बोटाच्या पेरांएवढी, बाकदार. ती गोट्यांच्या फटीत आडवी शिरतात. खराटा मारला की पानांआधी गोटेच उडतात. मार्चअखेर मोहोराचा भुगा पडला. जूनमध्ये लिंबोळ्या पिकून पडल्या, त्यांचा चिकट गर गोट्यांना धरला, त्यावर माश्या, आणि वाळल्यावर तपकिरी डाग. मी घमेल्यात गोटे घेऊन नळाखाली एकेक धूत होते. पाऊस लागल्यावर उरलेल्यांवर शेवाळ चढलं. ज्या बाई सावली मोजायला एका दिवसात तीन खेपा घालतात, त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही का, की हे झाडणार कोण?

मे महिन्यात ठिबकनेही त्रास दिला. आमच्या बोअरच्या पाण्याने ड्रिपर बुजले. नळ्या बसवणारा म्हणे बाईंना विचारा, बाई म्हणे बसवणाऱ्याला. या टोलवाटोलवीत दोन आठवडे गेले आणि मोगऱ्याची चार रोपं जळली. शेवटी साडेतीनशेची जाळीची गाळणी मीच आणून बसवून घेतली. नंतरची देखभाल कोणाकडे, हे कागदावर लिहून घेतलं नव्हतं, ती चूक माझी. त्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर मी स्पष्ट सांगितलं असतं, डिझायनर लावू नका.

जुलैत मत बदललं. एका रात्री दोन वाजता धो धो पावसाने जाग आली. मागच्या वर्षीची धास्ती होतीच, टॉर्च घेऊन मागच्या दाराशी गेले. अंगणात पाणी होतं, पण थांबलेलं नव्हतं. लॉनवरून उतरून चरात जात होतं आणि चरातून लिंबोळ्या एकामागून एक फाटकाकडे वाहत चालल्या होत्या. मी बराच वेळ तशीच उभी होते. सकाळी नवीन पारिजातकाच्या आळ्यात पाय रोवून पाहिला, माती ओली होती, चिखल नव्हता. वही काढून त्या बावीस हजारांच्या ओळीपुढे टिक केली.

चराच्या काठाने त्यांनी कर्दळ आणि सावलीच्या टोकाला सोनटक्का लावला होता, दोघांनाही ओल मानवते. गौरी आल्या त्या दिवशी सोनटक्क्याला अकरा फुलं होती. सासूबाई गेल्यापासून घरची फुलं गौरींना पहिल्यांदाच वाहिली.

म्हणून जे विचारतात त्यांना मी सांगते, अंगणात पाणी साचत असेल किंवा उन्हाचा घोळ असेल तर आराखड्याचे पैसे जरूर द्या, लावणी आपल्या माळ्याकडून करून घ्या. जमीन ठीक असेल आणि फक्त फुलझाडं हवी असतील तर माळीच पुरे.

गोट्यांचं मात्र मनातून जाईना. या महिन्यात बाईंना फोन करून स्पष्ट बोलले. त्या आल्या, पट्ट्यापाशी उकिडव्या बसल्या, एक डागाळलेला गोटा हातात घेऊन म्हणाल्या, "काकू, चुकलं माझं. मी पाहिलं तेव्हा झाड भरलेलं होतं, खाली काय काय पडेल याचा विचार केला नाही." पैसे परत मिळाले नाहीत, मी मागितलेही नाहीत. आराखड्यावर त्यांनी गोट्यांची ओळ खोडली आणि पेनने लिहिलं, 'पाला पडेल तो तिथेच राहू द्यावा.'

गोण्या जिन्याखाली ठेवल्या आहेत. पट्टा सध्या उघडाच आहे. पानगळ फेब्रुवारीत सुरू होईल.