घरातल्या जुन्या दुखण्यांची कथा लिहायला शिकवणारा दादरचा वर्ग

दादरला एका चर्चच्या सभागृहात शनिवारी दुपारी हा मराठी कथालेखनाचा वर्ग भरतो. ६ बैठका, प्रत्येकी अडीच तास. बापाचा धाक, दारू, सुनेशी धरलेला अबोला असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काही ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने कथेतून तपासायचं, हा त्याचा विषय.

पहिल्या दिवशी कथा लिहूच देत नाहीत. तीन पिढ्यांचा नकाशा काढायचा: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वारलेल्यावर फुली, भांडणाच्या नात्याला दातेरी रेघ. कुटुंब-समुपदेशक वापरतात तोच हा जेनोग्राम. त्यातून निदान दोन पिढ्यांत दिसणारी एकच कृती निवडायची. ताट सरकवून उठणं, पगाराचं पाकीट लपवणं, असं काही. ‘कठोर बाप’ लिहिलं की वाचकाच्या हाती नुसतं विशेषण येतं. ताट सरकलं की सगळं घर दिसतं. भरलेली फी इथेच वसूल होते.

नमुना म्हणून बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक घेतात, आणि निवड अचूक आहे. अब्राहामाने बायकोला बहीण म्हणून सांगितलं (अध्याय १२ आणि २०), त्याच्या मुलाने, इसहाकानेही तेच केलं (२६). इसहाकाच्या मुलाने, याकोबाने करडांची कातडी हातांना गुंडाळून आंधळ्या बापाला फसवलं. पुढे त्याच्याच मुलांनी भावाला, योसेफाला विकलं आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला फसवलं. फसवणूक तीच, जनावरही तेच.

मग पात्रं झाकायची. आपल्याकडे चर्चची मंडळी लहान. नुसतं नाव बदललं तर रविवारच्या उपासनेआधीच ओळख पटते. म्हणून धंदा, वस्ती आणि भावंडांचा क्रम, तिन्ही बदलायला लावतात. परळच्या गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधला फिटर होतो. त्यानंतर तोच प्रसंग दुखावणाऱ्याच्या बाजूने, साधारण ३०० शब्दांत. इथे बहुतेकांचं बिनसतं: त्याचं बालपण सांगता सांगता वकिलीच सुरू होते. उपाय सोपा आहे. त्याला खुलासा करू द्यायचा नाही, फक्त काय दिसतं आणि तो काय करतो तेवढंच लिहायचं.

शेवटच्या बैठकीत मात्र वर्ग घसरतो. कथेचा शेवट क्षमेनेच व्हावा, असा आग्रह धरतात. त्यांनीच निवडलेल्या पुस्तकात योसेफ भावांना पाहताक्षणी मिठी मारत नाही. तो ओळख लपवतो, पारखतो; धाकट्याच्या जागी मला गुलाम ठेवा असं त्यांच्यातला यहूदा म्हणतो (४४), तेव्हा कुठे योसेफ त्यांच्यासमोर रडतो (४५). आणि भावाला विकायची कल्पना याच यहूदाची होती! एवढा पल्ला दोन परिच्छेदांत उरकला की कथा उपदेश होऊन बसते.

दुसरी उणीव जास्त गंभीर. वाचन चालू असताना एखादा कोसळला तर सांभाळायला समुपदेशक नसतो. मारहाण आजही चालू असलेल्या घरातलं कोणी असेल, तर त्याला आधी मदत हवी, कथा नंतर. लहान मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?

वाचायला दिलेल्या कथा बहुतेक इंग्रजीतून आणलेल्या. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी १८५७ मध्येच ‘यमुनापर्यटन’मधून विधवांचे घरातले हाल कादंबरीत आणले होते, त्यातलं एखादं प्रकरण तरी द्यायला हवं. तरी पहिल्या चार बैठकांसाठी जरूर जावं. नकाशासाठी मोठा कागद घरूनच न्या, तिथला ए-४ तीन पिढ्यांना पुरत नाही.