मोकाट घोड्यांच्या निवाऱ्यासाठी फिरत्या नालबंदाची सेवा: एक अभिप्राय

लोहा आणि कंधार तालुक्यांत शेतावर येऊन घोड्यांचे खूर तासून देणाऱ्या एका फिरत्या नालबंदाची सेवा आम्ही आमच्या निवाऱ्यातील घोड्यांसाठी बऱ्याच काळापासून घेत आहोत. रस्त्यावर मोकाट सोडलेली, म्हातारी झालेली किंवा लंगडी म्हणून टाकून दिलेली जनावरे ज्यांनी सांभाळायला घेतली आहेत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय आहे. वरातीसाठी घोडा सजवून तयार ठेवणाऱ्यांची गरज वेगळी असते आणि त्यांना यातील निम्मे उपयोगी पडणार नाही. आमच्या निवाऱ्याच्या खर्चात चाऱ्याखालोखाल सर्वांत सार्थकी लागलेला पैसा या नालबंदाला दिलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिढ्यान्‌पिढ्या माणसाविना राहिलेले घोडे मराठवाड्यात नाहीत. ते पाहायचे तर आसामातील दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान गाठावे लागते. आपल्या रस्त्यांवर जे मोकाट दिसतात, ते कालपर्यंत कोणाच्या तरी दावणीला होते. लग्नसराई संपली, काम थांबले, खुराक परवडेना, की जनावराची म्होरकी (डोक्याला बांधायची दोरी) काढून ते सोडून दिले जाते. मालकांवर सरसकट राग काढणे आम्हांला पटत नाही, कारण तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो आणि दुष्काळी वर्षात गुरांनाच कडबा पुरत नाही तेव्हा कमाई न देणाऱ्या घोड्याला तो कोठून घालणार? पण सोडलेल्या जनावराचे हाल त्यामुळे कमी होत नाहीत. असे जनावर आपण घरी आणतो तेव्हा लोक त्याच्या बरगड्या पाहून हळहळतात. खुरांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

घोड्याचा खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. ऑस्ट्रेलियातील जंगली घोडे दिवसाला सरासरी सोळा किलोमीटरच्या आसपास चालतात, खडकाळ जमिनीवर चालतात, आणि तेवढ्यात खूर आपोआप झिजतो. आमच्या घोड्यांना तेवढी चाल नाही आणि तशी जमीनही नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तशी खुराची भिंतही कोरडी पडून चिरते, आणि पावसाळ्यात तीच माती खुराच्या तळव्यात घट्ट बसून आतला मऊ भाग कुजवते. न तासलेल्या खुराचा पुढचा भाग लांबत जातो, टाच खाली दबते आणि पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असल्याने आधी तेच पाय जायबंदी होतात. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासणे हे निवाऱ्याचे नित्याचे काम आहे, सवड मिळेल तेव्हा करायचे नव्हे.

नांदेड जिल्ह्यात घोड्यांची परंपरा जुनी आहे. हजूर साहिबचे घोडे आणि मार्गशीर्षात भरणारी माळेगावच्या खंडोबाची यात्रा, जिथे घोडे, गाढवे, उंट विकायला येतात, त्यांमुळे नालबंदीचे काम जाणणारी माणसे या भागात अजून मिळतात. त्यांतील बहुतेकांचा हात कामाच्या घोड्यांवर बसलेला आहे: जनावर उभे करायचे, जुना नाल काढायचा, नवा ठोकायचा, पुढचे जनावर. आमच्या नालबंदांचे वेगळेपण इथे आहे, आणि ते शब्दांत सांगण्यापेक्षा त्यांच्या कामाची रीत सांगितलेली बरी. त्यांना सगळे चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो.

नांदेड–लातूर रस्त्यावरून आणलेली एक घोडी आमच्याकडे होती. तिचे पुढचे खूर इतके वाढले होते की टोके वर वळली होती आणि पाऊल टाकताना टाचेवरच भार येत होता. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत काटेरी लगामाचे जुने व्रण होते. (असा लगाम वापरायला ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरीही तो सर्रास दिसतो.) चाचांनी आल्या आल्या अवजारांची पिशवी उघडली नाही. विहिरीजवळच्या टणक वाटेवरून घोडीला चालवत नेण्यास सांगितले आणि स्वतः खाली बसून आधी समोरून, मग बाजूने, मग मागून तिचे पाऊल कसे पडते ते पाहिले. तोंडाला काही लावायचे नाही, नुसत्या म्होरकीवर धरायचे, हे त्यांनीच सांगितले. कानस तिला हुंगू दिली. खांद्यापासून हात फिरवत ते गुडघ्यापर्यंत आले, घोडीने पाय आखडला तेव्हा थांबले, पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली. पाय हातात आल्यावर वाकड्या सुरीने तळव्यातील माती आणि कुजका भाग काढला. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी भागातून काळा, घाण वासाचा चिकट द्रव निघत होता. मग पकडीने टोकाचा एक पट्टा कापला, कानशीने कड गोल केली आणि पाय खाली ठेवला.

खूर अजून लांबच दिसत होता, म्हणून आम्ही आणखी काढण्याचा आग्रह धरला. ते म्हणाले, “आज एवढंच. जास्त काढलं तर रगत निघंल, मग ही उद्या पाय देणार नाही.” त्यानंतर थोड्या थोड्या आठवड्यांच्या अंतराने ते येत राहिले आणि दर वेळी थोडेच काढत गेले. वाढलेल्या खुराबरोबर आतील जिवंत भागही पुढे सरकलेला असतो, त्यामुळे एका बैठकीत सुबक खूर करून देणारा कारागीर अशा जनावराला दुखापत करून जातो. खुराची पुढची भिंत वरपासून खालपर्यंत पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. घोडी आता टणक वाटेवरही न लंगडता चालते, आणि पाय उचलायला सांगितला की स्वतः उचलते.

नालाच्या बाबतीतही चाचांचा निर्णय आम्हांला पटतो. निवाऱ्यातील घोड्याला ओझे नाही, डांबरी रस्त्यावरची दौड नाही; अशा घोड्याला ते नाल ठोकत नाहीत. चिरलेल्या, पातळ भिंतीत खिळा धरत नाही, आणि तो जरा आत गेला की जिवंत भागाला लागून पू होतो. त्यांच्याआधी आम्ही बोलावलेल्या एका नालबंदाने अशाच खुराला घाईने नाल ठोकला होता. घोडा तीन पायांवर उभा राहिला, नाल काढावा लागला आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. धनुर्वाताचा धोका सगळ्या पाळीव जनावरांत घोड्याला फार मोठा असतो, तेव्हा नाल ठोकायचा असो वा नुसते तासायचे असो, धनुर्वाताची लस आधी टोचून घ्यावी.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर म्हणजे अवजारांची स्वच्छता. चाचा एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जातात आणि तीच सुरी, तीच कानस न धुता वापरतात. आम्ही आता प्रत्येक घोड्यानंतर जंतुनाशकाच्या पाण्यात अवजारे बुडवायला लावतो आणि त्यांचे हात साबणाने धुऊन घेतो; ते विनातक्रार ऐकतात, पण सांगावे लागते. आमच्या बादलीतले पाणी दुसऱ्यांच्या घोड्याला किंवा त्यांचे आमच्या घोड्याला आम्ही कधीच देत नाही. ग्लँडर्स हा रोग नाकातील स्रावाने दूषित झालेल्या चाऱ्या-पाण्यातून पसरतो, माणसालाही होतो, आणि घोडा बाधित निघाला तर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार त्याला दयामरण द्यावे लागते. नवे जनावर आणले की त्याला वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना तपासून घ्यावा. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही तपासणी करते.

दुसरी उणीव त्यांच्या कामाच्या मर्यादेची आहे. घोडा पुढचे पाय लांबवून मागे रेलून उभा राहत असेल, खूर गरम लागत असेल, तर तो खुराच्या आतील दाह असतो. उपाशी जनावराला दयेपोटी एकदम हरभरा, गूळ, भरडा घातल्याने तो होऊ शकतो. चाचा अशा वेळी तासून पाहू म्हणतात. तसे करू देऊ नये. आधी पशुवैद्यक बोलवावा आणि एक्स-रेची गरज पडली तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी. डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम खूर तासायला मात्र चाचांइतका चांगला हात आम्हांला दुसरा मिळाला नाही. नोंदी ते ठेवत नाहीत. प्रत्येक घोड्याचा खूर कधी तासला, काय आढळले, हे आपल्या वहीत आपणच लिहावे आणि दर भेटीला खुराचा फोटो घ्यावा.

त्यांचा खूर तासण्याचा दर जनावरामागे ठरलेला आहे आणि नाल ठोकण्याच्या निम्म्याहून कमी आहे. जवळपासच्या गावांतील दोन-तीन जणांनी मिळून एकाच दिवशी बोलावले तर प्रवासाचा खर्च वाटला जातो. लग्नसराईत आणि माळेगावच्या यात्रेच्या आसपास त्यांचा पत्ता लागत नाही, म्हणून त्या दिवसांतील फेरी आधीच पक्की करून ठेवावी. उन्हाळ्यात सकाळी लवकर बोलवावे. ३७ अंशांच्या वर पारा असताना दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावराला जुंपायला किंवा त्यावर ओझे लादायला त्याच १९६५ च्या नियमांनी मनाई आहे. एका पायावर भार देऊन उभे राहणे दुखऱ्या घोड्याला कामाइतकेच जड जाते, तेव्हा ही वेळ आम्ही खुरांसाठीही वर्ज्य मानतो. जागा सावलीची, कोरडी आणि सपाट असावी, घोडा ज्याला ओळखतो असा माणूस म्होरकी धरायला असावा, आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल हाताशी ठेवावा. चाचा तो मागत नाहीत, आपणच दाखवावा.