व्हीए की आयपीएस: मधल्या किमतीचा टीव्ही घेताना
मधल्या किमतीच्या टीव्हीची जाहिरात ४के आणि एचडीआरची होते, पण रोजचं चित्र ठरतं ते पॅनेलवर, म्हणजे पडद्यावर. व्हीए आणि आयपीएस हे त्याचे दोन प्रकार. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३०००:१ च्या पुढे, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. रात्री दिवे मालवून सिनेमा लावा. आयपीएसवर वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसतात, व्हीएवर त्या जवळजवळ अंधारात मिसळून जातात. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आयपीएस जिंकतो ते घर भरलेलं असताना. क्रिकेटच्या सामन्याला कुणी सोफ्यावर, कुणी स्वयंपाकघराच्या दारात. बाजूने पाहणाऱ्याला व्हीएवर रंग उडालेले दिसतात, आयपीएसवर बरेचसे टिकतात. एकट्यादुकट्याने रात्री पाहणाऱ्यांनी मात्र बिनधास्त व्हीए घ्यावा.

सॉफ्टवेअरचा पॅनेलशी संबंध नाही. दीड-दोन जीबी रॅमवर दोन्हीकडे मेन्यू हळूहळू रेंगाळू लागतो, पण एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावली की भागतं. पॅनेल बदलता येत नाही, म्हणून पैसे तिथेच घाला. आणि कोणताही आणलात तरी मोशन स्मूदिंग ही सेटिंग आधी बंद करा. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा या सेटिंगमुळे मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सामन्यापुरतं हवं तर चालू ठेवा.