ऐंशीच्या आत जाण्याआधी लीज वाढवली: सॉलिसिटरच्या कामाचा आमचा अनुभव

इंग्लंडमधल्या स्लावमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही २०२१ साली घेतला तेव्हा लीजची, म्हणजे फ्लॅट ठराविक मुदतीपुरता आपला असण्याच्या हक्काची, ८३ वर्षं उरली होती. खरेदीचं काम बघणारा सॉलिसिटर, म्हणजे वकील, म्हणाला, "पुष्कळ आहेत, काळजी करू नका." कर्ज मिळालं, किल्ल्या हातात आल्या, आम्ही निवांत झालो. ८३ म्हणजे ८० ला फक्त तीन वर्षं बाकी, आणि ८० च्या खाली गेलं की सगळा हिशेबच बदलतो, हे त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. पुढे हे काम ज्या फर्मने केलं ती फक्त लीज आणि फ्रीहोल्डचीच (इमारतीच्या आणि जमिनीच्या कायमच्या मालकीची) प्रकरणं घेते. तिच्याबद्दल पटलेलं आणि खटकलेलं, दोन्ही लिहिते.

मार्च २०२४ मध्ये इमारतीचा कारभार बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटचं पत्र आलं. ८,९०० पौंड भरा, लीज १२५ वर्षांची करून देतो, मात्र सध्याची मुदत संपेपर्यंत ग्राउंड रेंट (जमिनीचं वार्षिक भाडं) आहे तसंच राहील. आमचं ग्राउंड रेंट वर्षाला २५० पौंड, दर ३३ वर्षांनी दुप्पट. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने लगेच होकार कळवला. मीही पेन काढलं होतं, पण नवरा म्हणाला, सही करायच्या आधी एकदा कुणाला तरी विचारू.

त्या फर्मशी पहिला फोन अर्ध्या तासाचा आणि फुकट. तिथल्या सॉलिसिटर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "लीज कोणत्या तारखेपासून आहे?" मला वर्ष माहीत होतं, तारीख नव्हती. फोन चालू असतानाच त्यांनी लँड रजिस्ट्रीतून लीजची प्रत काढली: २९ सप्टेंबर २००५ पासून ९९ वर्षं. म्हणजे सप्टेंबर २०२४ च्या शेवटी आम्ही ८० च्या खाली जाणार होतो. त्यानंतर 'मॅरेज व्हॅल्यू' लागू होते, म्हणजे लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढेल त्यातला अर्धा वाटा फ्रीहोल्डरला, म्हणजे इमारतीच्या मालकाला, द्यायचा. आमच्या फ्लॅटला ते सात-आठ हजार पौंडांना पडलं असतं. मात्र सगळं काम सप्टेंबरच्या आत उरकायची गरज नव्हती. किंमत धरली जाते ती लीज वाढवून मागणारी नोटीस दिल्याच्या तारखेची, त्यामुळे नोटीस वेळेत पोचली की पुढे वर्षभर घासाघीस चालली तरी फरक पडत नाही. हे ऐकलं त्या रात्री कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली.

१९९३ च्या कायद्याने आपल्याला उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट एका मिरीच्या दाण्याएवढं, म्हणजे शून्य होतं. एजंटच्या पत्रात याचा उल्लेखही नव्हता.

त्यांनी सुचवलेला सर्व्हेयर (फ्लॅटचं मूल्यांकन करणारा) जूनच्या सुरुवातीला आला. लेझरने खोल्या मोजल्या, मग स्वयंपाकघरात थांबून विचारलं, "हे किचन तुम्ही केलंत का?" हो म्हटल्यावर त्याने ते लिहून घेतलं, कारण आपण स्वतःच्या पैशाने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेली किंमत या हिशेबात धरत नाहीत. फ्लॅटची किंमत त्याने २,८०,००० धरली आणि लीज वाढवायला लागणाऱ्या रकमेचा अंदाज दिला साडेअकरा ते साडेबारा हजार. नोटिशीत सुरुवात ९,५०० पासून केली.

या फर्मची खरी किंमत मला नोटीस तयार होताना कळली. आम्ही इतकी वर्षं ग्राउंड रेंट ज्या नावाने भरत होतो तो मालक नव्हताच, तो एजंट. लँड रजिस्ट्रीत फ्रीहोल्ड भलत्याच कंपनीच्या नावावर. सेक्शन ४२ ची नोटीस (लीज वाढवून मागणारी तीच) चुकीच्या नावाने गेली असती तर ती बाद ठरू शकली असती, आणि ते कळेपर्यंत सप्टेंबर उलटला असता. बाईंनी ती स्पेशल डिलिव्हरीने पाठवली आणि पोच मिळाल्याच्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं. तेव्हा ८० वर्षं आणि तीन महिने उरले होते.

समोरून काउंटर-नोटीस, म्हणजे आमच्या नोटिशीला उत्तर, मुदतीच्या दोन दिवस आधी आली, मागणी १६,८०० ची. इथून पुढे मात्र मी नाराज आहे. ऑक्टोबरनंतर आमची फाइल एका ज्युनियरकडे गेली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. डिसेंबरात तीन ईमेलना उत्तर नाही. काउंटर-नोटिशीनंतर सहा महिन्यांत तडजोड झाली नाही तर ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अर्ज करावा लागतो, नाहीतर नोटीस रद्द. ही तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून रोज बघत होते. अर्ज फेब्रुवारीत वेळेत गेला, पण तो जाणार आहे हे एका ओळीत आधी कळवलं असतं तर आमचे दोन महिने असे गेले नसते. सुनावणीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. १२,४०० वर ठरलं.

फ्रीहोल्डरच्या वकिलाचं आणि मूल्यांकनाचं बिलही आपल्यालाच भरावं लागतं. त्यात त्यांनी वाटाघाटीच्या पत्रव्यवहाराचे ४८० पौंड लावले होते. कायद्याने तो खर्च आपल्यावर येत नाही. बाईंनी तो खोडायला लावला, मी न सांगता. शेवटी फ्रीहोल्डरचं बिल १,९२०, आमच्या सॉलिसिटरचं व्हॅटसकट १,३८०, सर्व्हेयरचं ८४०. सगळं मिळून साडेसोळा हजारांच्या थोडं वर.

२०२४ च्या नव्या कायद्यासाठी थांबायला हवं होतं का, असं बरेच जण विचारतात. त्यात ९९० वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची तरतूद आहे, पण आमच्या हातात महिने मोजके होते आणि ती कलमं लागू झालेली नव्हती. लागू झाला तो दोन वर्षं मालकी असण्याची अट काढणारा भाग, ३१ जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे नुकताच फ्लॅट घेतलेल्यांनीही आता थांबायची गरज नाही.

याच फर्मकडे मी पुन्हा जाईन, पण पहिल्याच दिवशी फाइल कोण बघणार ते लेखी घेईन. शेजारणीला आता फ्लॅट विकायचाय. तिचं ग्राउंड रेंट २०३८ साली ५०० होणार, आणि घ्यायला येणारा प्रत्येक जण तोच आकडा विचारतो. तिला मी बाईंचा नंबर दिलाय. आमच्या नव्या लीजवर शेवटचं वर्ष लिहिलंय २१९४.