गाडीचा डेंट 'जागेवर काढून देतो' म्हणणाऱ्यांपासून सांभाळा, माझे 14,100 रुपये गेलेत

पुण्यात किंवा कुठेही सिग्नलला, मॉलबाहेर, हॉस्पिटलच्या पार्किंगपाशी बाईकवरून दोघं जण येतात आणि काचेवर टकटक करून "साहेब, दाराला डेंट आहे, दहा मिनटात काढून देतो" म्हणतात, ते तुम्ही पण बघितलं असेल. काच खाली करू नका. एवढंच वाचून पुढे गेलात तरी चालेल, पण माझं काय झालं ते सांगतोच कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

माझी पांढरी हॅचबॅक आहे. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या खांबाला मागचं दार घासलं होतं, त्यावर पिवळे ओरखडे आणि मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर अंगठ्याएवढा पोचा. बास, एवढंच काम. गॅरेजवाला म्हणाला होता दोन-तीन दिवस गाडी ठेवावी लागेल, आणि आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, गाडी कुठून ठेवणार? त्यामुळे हे दोघं आले आणि दोन्ही कामांचे मिळून 400 रुपये म्हणाले तेव्हा मी हो म्हणालो. माझ्या जागी कोणीही हो म्हणालं असतं. डेंट काढणारी माणसं असतातच, रंग न लावता आतून सळी घालून किंवा बाहेरून गरम ग्लूने ओढून पोचा काढतात ते खरं काम आहे, मी डोळ्याने बघितलंय.

एक जण कामाला बसला आणि दुसरा माझ्याशी बोलत राहिला. ॲव्हरेज किती देते, सर्व्हिसिंग कुठे करता, काका ऊन फार आहे तुम्ही सावलीत या. आई मागे बसलेली, मी तिला पाणी द्यायला वळलो आणि तेवढ्यात खर्र खर्र आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. तो पॉलिश पेपर होता, कोरडा, जाडा, पाणी न मारता दारावर घासत होता. मी विचारलं हे काय, तर म्हणे "वॅक्स धरायला पाहिजे ना साहेब". गाडीच्या रंगाचा अख्खा थर, प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट सगळं मिळून साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो, त्यातला चमक देणारा क्लिअर कोट तर त्याच्याही निम्म्याहून कमी. त्यावर कोरडा पेपर मारला की खेळ खलास. हे मला आता माहितीये, तेव्हा कोणी सांगायला होतं का?

मग तो छोट्या छोट्या पुड्या फोडायला लागला. पांढरं पीठासारखं काहीतरी, बोटाने पोच्यात भरायचं, दारावर फासायचं, आणि रिकामी पुडी गाडीखाली टाकायची. कुठल्याच पुडीवर नाव नाही, किंमत नाही. इथेच कळायला हवं होतं, हे मी रोज रात्री स्वतःशी घोकतो. शेवटी गाडीखालून सगळ्या पुड्या गोळा करून माझ्यासमोर मोजल्या, 36. एका पुडीचे 250. म्हणजे 9,000! "400 तर मजुरी झाली, मटेरियल वेगळं". तोपर्यंत अजून दोन जण बाईकवर येऊन उभे राहिले होते, गाडीच्या बरोबर पुढे. आई घाबरली, म्हणाली देऊन टाक. घासाघीस करून 6,500 दिले, 5,000 यूपीआयने आणि 1,500 रोख. जाताना सांगितलं चोवीस तास पाणी लावू नका.

दुसऱ्या दिवशी गाडी धुतली आणि पोच्यातलं सगळं पांढरं पाणी होऊन खाली आलं. पोचा होता तसाच. दारावर हाताएवढा धुरकट, खरखरीत डाग. गॅरेजवाल्याने दोन पॅनल रंगवायचे 7,600 घेतले. आणि त्यानेच सांगितलं की खांबाचा पिवळा रंग फक्त वर चिकटलेला असतो, साध्या रबिंग कंपाउंडने आणि मऊ फडक्याने निघाला असता. ओरखड्यावरून नख फिरवा, अडकलं नाही तर पॉलिशने जातं, अडकलं तर रंग कापलाय. असं फुकट सांगणारा माणूस एकीकडे आणि हे हरामखोर एकीकडे.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच दिलेत ना?" अहो, चार जणांनी गाडी अडवली तेव्हा कोण काय करणार! "पावती आहे का?" रस्त्यावरचा चोर पावती देतो का? गाडीचा नंबर सांगितला, अर्धा, कारण प्लेटवर चिखल फासलेला. तिथला सीसीटीव्ही बघा म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. शेवटी एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून हातात दिली. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, तर म्हणे तुम्ही स्वतः ट्रान्सफर केलंय, हा सायबर फ्रॉड नाही, पोलिसात जा. बँकेचं तेच. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला लावला, त्यांना दुकानाचं नाव पत्ता पाहिजे. यूपीआयला जे नाव दिसतं ते कुठल्यातरी मोबाईल रिचार्जवाल्याचं, ते शोधायचं काम पोलिसांचं की माझं? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि त्या टोळीला हे पक्कं माहितीये म्हणून तर रक्कम पाच-सात हजाराच्या आतच ठेवतात.

इन्शुरन्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला अपघात नाहीये, आणि क्लेम बसला तरी 1,000 तुमच्या खिशातून आणि वर नो क्लेम बोनस, म्हणजे पुढच्या हप्त्यातली सूट, जाणार. तेही सोडलं.

कोणी अडवलंच तर गाडीतून उतरू नका, 112 लावा, स्पीकरवर. काम करूनच घ्यायचं असेल तर मटेरियलसकट एकूण आकडा मोबाईलवर रेकॉर्ड करा. प्लॅस्टिकच्या बंपरला पोचा असेल तर आधी गरम पाणी ओतून आतून दाबून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात बाहेर येतो. पाणी लावू नका म्हणाला की समजा पोच्यात नुसतं पीठ भरलंय. वयस्कर आईवडील गाडी चालवत असतील तर त्यांना आजच सांगा, हे लोक मुद्दाम तसेच गिऱ्हाईक हेरतात.

आणि ज्यांचं असं झालंय त्यांनी यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि पैसे घेणाऱ्याचं नाव डिलीट करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली, म्हणजे फसवणुकीचा, एफआयआर घ्या असा लेखी अर्ज मी डीसीपी (पोलीस उपायुक्त) ऑफिसला देतोय. त्याच नावावर अजून कोणाचे पैसे गेले असतील तर तुमचाही अर्ज माझ्याबरोबर जोडू, एकट्याला हाकलून लावतात, पाच जणांना हाकलणं त्यांना जड जाईल.